गणिताचा अभ्यासक्रम बदलला, आता प्रश्नपत्रिका कशी बदलायची? (पाचवी ते आठवी, गोवा)

शून्यबिंदू

शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला. त्याला धरून एनसीईआरटीचं सहावीचं 'गणित प्रकाश' २०२४ मध्ये निघालं, सातवी-आठवीचं २०२५ मध्ये. सहावीचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा आकृतिबंधांचा, तिसरा अंकांच्या खेळांचा आणि शेवटचा शून्यापलीकडच्या संख्यांचा. घटक चाचणीचा कागद मात्र पुष्कळ ठिकाणी पूर्वीचाच आहे: लसावि काढा, सोपे रूप द्या, व्याख्या लिहा. कुठे कुठे त्याच उदाहरणाला दोन ओळींची गोष्ट जोडून वर 'क्षमताधारित' असं लिहितात. तेवढ्याने मूल्यमापन बदलत नाही, म्हणून हा धागा काढला.

माझ्या मते सुरुवात प्रश्नापासून करूच नये. मुलाच्या कागदावर काय दिसलं तर 'याला समजलं' असं म्हणायचं, आणि काय दिसलं तर 'उत्तर बरोबर, पण समज चुकीची' असं म्हणायचं, हे आधी ठरवावं. मग त्या दोघांना वेगळं काढणारा प्रश्न शोधावा.

दशांश अपूर्णांकांचंच घ्या. 'मोठी संख्या कोणती: २.७ की २.५८?' हा प्रश्न सगळीकडे असतो. ५८ हे ७ पेक्षा मोठे म्हणून २.५८ मोठी, असं मानणारी मुलं इथे सापडतात. पण दुसऱ्या प्रकारची चूक करणारी मुलं इथे पूर्ण गुण घेऊन निघून जातात. शतांश हा दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान हे त्यांनी शिकलेलं असतं. त्यावरून ती असा नियम करतात, की चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. त्यांचं २.७ हे उत्तर बरोबर येतं, कारण मात्र साफ चुकीचं. त्यांना पकडायला ६.४१५ आणि ६.३२ ही जोडी लागते. तिथे पहिल्या प्रकारची मुलं बरोबर येतात आणि दुसऱ्या प्रकारची चुकतात.

म्हणून दशांशाच्या तुलनेवर एकच प्रश्न विचारू नये, चार जोड्या एकत्र द्याव्यात: २.७ आणि २.५८, ६.४१५ आणि ६.३२, ०.५ आणि ०.५०, ३.४ आणि ३.०४. गुण दोनच ठेवा, पण कोणती जोडी चुकली ते उपस्थितीपटाशेजारी नोंदवा. 'चारपैकी तीन बरोबर' या नोंदीचा शिकवताना काहीच उपयोग होत नाही. 'दुसरी जोडी चुकली' या नोंदीचा होतो.

आणखी एक. रुपये-पैशांच्या उदाहरणांवरच दशांश शिकवले की ही चूक झाकली जाते. तिथे चिन्हानंतर नेहमी दोनच अंक असतात, त्यामुळे पूर्ण संख्या समजून तुलना केली तरी उत्तर बरोबर येतं.

संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेत कशाला किती गुण ते ठरवणारा तक्ता), गुणदान, भाषा, तोंडी परीक्षा या सगळ्यावर जाणकारांनी लिहावं.


फोंडा_परीघ

तक्त्याबद्दल लिहितो. ४० गुण, ९० मिनिटं, सातवी असं धरू. पूर्वी तक्ता धड्यांप्रमाणे आणि प्रश्नप्रकारांप्रमाणे भरायचे. आता एक रकाना विचारप्रक्रियेचा हवा. मी सुचवतो ती वाटणी अशी: सराईतपणा १२ गुण, संकल्पना १०, उपयोजन १०, कारणमीमांसा आणि मांडणी ८.

प्रश्नांत उतरवलं तर १ गुणाचे १२, २ गुणांचे ५, ५ गुणांचे २ आणि ४ गुणांचे २. एकूण २१ प्रश्न. वेळेचा हिशोब कागदावरच करावा. १ गुणाच्या प्रश्नाला दीड मिनिट म्हणजे १८. २ गुणांच्या प्रश्नाला ३ मिनिटं म्हणजे १५. ५ गुणांच्या प्रश्नाला १२ म्हणजे २४. ४ गुणांच्या प्रश्नाला १० म्हणजे २०. झाली ७७. उरलेली १३ मिनिटं वाचायला आणि तपासायला. कारण लिहायला सांगणारे प्रश्न वाढवून बाकीचे तेवढेच ठेवले की हा हिशोब ११०-११५ मिनिटांवर जातो. शेवटचे प्रश्न कोरे राहतात आणि आपण म्हणतो की मुलांना विचार करता येत नाही. त्यांना वेळच मिळालेला नसतो.

५ गुणांच्या प्रश्नात हमखास होणारा घोटाळा म्हणजे उपप्रश्नांची साखळी. (अ) चं उत्तर चुकलं की (ब) आणि (क) आपोआप गेले. उपाय सोपा आहे. (ब) ची सुरुवात 'क्षेत्रफळ ३६ चौमी आहे असे धरून' अशी करा, किंवा (अ) मध्येच 'क्षेत्रफळ ३६ चौमी येते हे दाखवा' असं विचारा. मग (अ) चुकलेल्या मुलालाही पुढचे ३ गुण मिळवायची संधी राहते, आणि त्याला पुढचं येतं की नाही हे आपल्यालाही कळतं.


त्रिज्या

परीघ सरांची वाटणी पटते, पण 'सराईतपणा १२ गुण' या ओळीवर मला जोर द्यायचा आहे, कारण नव्या अभ्यासक्रमाच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. आराखड्याने हिशोबातला सराईतपणा वगळलेला नाही. संकल्पना, प्रक्रिया आणि तर्क या तिन्हींची अपेक्षा त्यात आहे. ज्याला ७ × ८ आठवायला दहा सेकंद लागतात, त्याला आकृतिबंध दिसणारच नाही, कारण त्याचं सगळं लक्ष गुणाकारात अडकलेलं असतं.

बदल प्रश्नांच्या निवडीत हवा. −३ − (−५) हा १ गुणाचा प्रश्न जुनाच आहे. तो बहुपर्यायी करताना पर्याय मात्र विचार करून द्यावे लागतात. बरोबर उत्तर २. दुसरा पर्याय −८, म्हणजे मधलं ऋण चिन्ह एकदाच धरलं. तिसरा ८, म्हणजे 'दोन ऋण म्हणजे धन' हा नियम दोन्ही संख्यांना लावला. चौथा −२, म्हणजे वजाबाकी बरोबर पण चिन्ह उलटं. आता उत्तरपत्रिका न वाचताही वर्गाचं चित्र दिसतं. चौथा पर्याय १७ किंवा −१०० ठेवला असता तर तो कोणीच निवडला नसता आणि चार पर्यायांचा प्रश्न तीनचाच झाला असता. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यांपैकी नाही' हे तर टाळावेतच. त्यांतून कुठल्याच चुकीचा पत्ता लागत नाही.

सीबीएसईच्या नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकेत क्षमतेवर आधारलेले प्रश्न ५० टक्के असतात. म्हणजे तिथेही उरलेला निम्मा कागद बाकीच्या प्रश्नांना राहतोच. सहावी-सातवीत ८०-९० टक्के कागद 'विचारप्रवर्तक' करण्याचा हट्ट धरू नये.


कंपासपेटी

एक प्रश्न सविस्तर मांडते, कारण 'अंकांशी खेळ' या धड्यावर काय विचारायचं असं सारखं विचारलं जातं. त्या धड्यात कापरेकरांचा स्थिरांक आहे. देवळालीचे द. रा. कापरेकर, त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली ६१७४ ही संख्या. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, की शेवटी ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४.

यावर 'कापरेकरांचा स्थिरांक किती?' असं विचारणं म्हणजे स्मरण तपासणं. पुस्तकातलीच संख्या देऊन पायऱ्या करून घेतल्या तरी पाठांतरच. त्याऐवजी कृती तीच ठेवून तीन अंकी संख्या द्या. रीत मुलांना माहीत असते, संख्या मात्र नवी असते.

'३२१ या संख्येवर हीच कृती पाच वेळा करा. प्रत्येक वेळचे उत्तर लिहा.' उत्तरं: १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५. (२ गुण)
'या पाच उत्तरांत तुम्हाला काय समान दिसते? दोन गोष्टी लिहा.' मधला अंक नेहमी ९, पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज ९, सगळ्या संख्यांना ९ ने भाग जातो, ११ ने जातो. यांतल्या कुठल्याही दोन चालतील. (१ गुण)
'सहाव्यांदा केले तर काय येईल? न करता सांगता येईल का? कारण लिहा.' इथे ४९५ चे अंक लावून परत ९५४ − ४५९ च होतं हे दिसायला हवं. (१ गुण)

आठवीसाठी हाच प्रश्न एक पायरी वर न्या: मधला अंक ९ च का येतो? अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क धरले तर (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९ × (अ − क). ब निघूनच जातो. आता ९९ च्या पटी लिहून बघा: १९८, २९७, ३९६... सगळीकडे मधला ९. सहावीचं निरीक्षण आणि आठवीची सिद्धता, दोन्ही एकाच कृतीतून निघतात. अशा जोड्या शोधून ठेवल्या तर मूल्यमापनात वर्षागणिक चढ दिसते.

आता या प्रश्नात काय बिघडतं ते. पहिलं, शून्य गळणं. चार अंकी कृतीत ०३७८ ऐवजी ३७८ लिहून पुढे ८७३ − ३७८ करणारी मुलं असतात. तीन अंकीतही अ − क = १ असेल, म्हणजे २११ किंवा ५५४ सारखी संख्या असेल, तर पहिलं उत्तर ९९ येतं आणि ते ०९९ धरून ९९० − ०९९ = ८९१ असं पुढे जावं लागतं. हा सापळा मुद्दाम लावायचा असेल तर लावा, पण मग शून्याबद्दलचं वाक्य वर्गात शिकवून झालेलं हवं. ते तपासायचं नसेल तर ३२१ सारखी सुरक्षित संख्या घ्या. दुसरं, 'कुठलीही संख्या घ्या' असं मोकळं सोडलं तर कोणीतरी ४४४ घेतं आणि पहिल्याच पायरीला शून्य येतं. तिसरं, एका वजाबाकीत हातच्याची चूक झाली की पुढचं सगळं वेगळं येतं. मूल पुढे स्वतःच्या चुकीच्या संख्येवर बरोबर कृती करत असेल तर गुण एकदाच कापा. परीक्षकाला त्याच्या वाटेने पायऱ्या करून बघाव्या लागतात. वेळ जातो खरा, पण त्याशिवाय हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.


बाणस्तारी

कंपासपेटी ताई, चढीची कल्पना फार आवडली. अपूर्णांकांत तशीच एक जोडी होते. सहावीला: 'एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. बेरीज न करता हे चूक आहे हे कसे सांगाल?' (२/५ हे १/२ पेक्षाही कमी आहे, बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान कशी येईल?) सातवी-आठवीला: 'अंश-अंश आणि छेद-छेद मिळवून येणारा अपूर्णांक नेहमी मूळ दोघांच्या मध्येच येतो का? चार उदाहरणे करून बघा.' सहावीच्या प्रश्नात समान छेद करून ५/६ काढणाऱ्याला किती गुण द्यायचे हे आधी ठरवा. माझ्या मते अर्धेच, कारण प्रश्नात 'बेरीज न करता' असं स्पष्ट म्हटलं आहे.


खाजनकाठ

संदर्भ असलेल्या प्रश्नांबद्दल. 'गोव्याचा संदर्भ हवा' म्हणून काजू, नारळ, फेरीबोट ही नावं उदाहरणात टाकतात. 'एका पोत्यात ४८ नारळ, तर १५ पोत्यांत किती?' यात नारळाच्या जागी पेन्सिल घातली तरी काही फरक पडत नाही. अशा प्रश्नाला संदर्भाचा प्रश्न म्हणू नये. संदर्भ खरा असेल तर तो गणिताला काहीतरी काम लावतो.

ऋण संख्यांसाठी खाजनातल्या (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या जमिनीतल्या) मानशीचं, म्हणजे पाण्याच्या दाराचं, उदाहरण घ्या. बांधातल्या मानशीच्या लाकडी दारांनी भरतीचं पाणी अडतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं. दाराच्या उंबऱ्याला शून्य धरा. प्रश्न असा:

'उंबऱ्यापासून मोजले तर भरतीच्या वेळी नदीचे पाणी +१४० सेंमी आणि ओहोटीच्या वेळी −३५ सेंमी होते. (अ) पाण्याच्या पातळीत किती फरक पडला? (ब) शून्याची खूण उंबऱ्याच्या ५० सेंमी खाली घेतली तर दोन्ही पातळ्या किती लिहाल? (क) आता फरक किती? तो बदलला का? कारण लिहा.'

उत्तरं: (अ) १७५ सेंमी. (ब) +१९० आणि +१५. (क) फरक १७५ च, कारण दोन्ही पातळ्यांत सारखीच भर पडली. (अ) मध्ये १०५ लिहिणाऱ्या मुलाने चिन्ह सोडून १४० मधून ३५ वजा केले आहेत. खरी परीक्षा (ब) मध्ये आहे. खूण खाली गेली की संख्या वाढते. तिथे बरीच मुलं ५० वजा करून +९० आणि −८५ लिहितात. गंमत म्हणजे त्यांचाही (क) मधला फरक १७५ येतो, म्हणून (ब) आणि (क) चे गुण वेगळे ठेवायलाच हवेत. शून्य कुठे घ्यायचं हे आपण ठरवतो, ही कल्पना या प्रश्नातून तपासली जाते. नारळांच्या पोत्यांनी ती तपासता येत नाही.

सावधगिरी एवढीच: तिसवाडी, बार्देश, सासष्टीच्या नदीकाठच्या मुलांना मानस ठाऊक असते. सत्तरीच्या डोंगराळ भागातल्या मुलाने ती पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून प्रश्नासोबत उंबरा, शून्य आणि दोन्ही पातळ्या दाखवणारी साधी आकृती द्यावी. मानस माहीत नसली म्हणून कोणाचा गुण जाता कामा नये. माहितीच्या हाताळणीसाठी पणजीच्या वेधशाळेचे पावसाचे महिनावार आकडे घेता येतात. तिथे जून ते सप्टेंबर एकीकडे आणि उरलेले आठ महिने दुसरीकडे इतके वेगळे पडतात, की 'सरासरी महिन्याचा पाऊस' ही संख्या बहुतेक महिन्यांना लागूच पडत नाही. सरासरीचा अर्थ विचारायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.


काणकोणची_बाई

गोव्यापुरता सर्वांत मोठा प्रश्न मला वेगळाच वाटतो. आराखड्यात तिसरी ते पाचवी हा एक टप्पा आहे. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल शाळा बदलतं आणि बहुतेक वेळा मराठी किंवा कोकणीतून इंग्रजी माध्यमात जातं. म्हणजे टप्प्याच्या मधोमध शाळा, शिक्षक आणि गणिताची भाषा असं सगळंच बदलतं. तिसरी-चौथीत जे निरीक्षण लिहून ठेवलं ते पाचवीच्या शिक्षकापर्यंत पोचतच नाही. पाचवीच्या पहिल्या चाचणीत मूल नापास होतं तेव्हा गणित कच्चं आहे की इंग्रजी, हे त्या कागदावरून सांगता येत नाही.

यासाठी पाचवीच्या सुरुवातीला २० मिनिटांची एक चाचणी घ्यावी. गुण द्यायचे नाहीत. एकच क्रिया चार रूपांत द्यायची: चिन्हांत (३६ ÷ ४), चित्रात (३६ ठिपके, चार डबे), मराठी किंवा कोकणी वाक्यात आणि इंग्रजी वाक्यात. संख्या प्रत्येक वेळी बदलायच्या, अवघडपणा तोच ठेवायचा. चिन्हांत आणि चित्रात बरोबर पण इंग्रजी वाक्यात चूक असेल तर भागाकार शिकवत बसू नका, 'शेअर्ड इक्वली' आणि 'ईच' शिकवा. चारही ठिकाणी चूक असेल तर भागाकारच राहिला आहे. चिन्हांत बरोबर आणि चित्रात चूक असेल तर रीत पाठ आहे, अर्थ नाही. हा तिसरा गट नेहमी सुटतो, कारण त्याचे गुण चांगले असतात.

जोडीला दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्यावं, आणि त्यात २९, ५९, ६९, ७९, ८९ असायलाच हवेत. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारी मुलं पाचवीतही असतात. ही चूक लेखी परीक्षेत कधीच दिसत नाही, कारण तिथे संख्या अंकांतच छापलेली असते.

कागद इंग्रजीत असेल तर पाचवी-सहावीत एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'अ‍ॅट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'हाऊ मेनी मोर', 'डिफरन्स', 'रिमेनिंग' असे १२-१५ शब्द अर्थासह वर्गाच्या भिंतीवर वर्षभर लावलेले असावेत, आणि चाचणीच्या वेळीही ते झाकू नयेत. आपण गणित तपासतो आहोत.


शून्यबिंदू

काणकोणच्या बाई, चित्रात चुकणाऱ्या गटाचा मुद्दा फार मोलाचा आहे. चौथीतून पाचवीत जाताना एका पानाची नोंद सोबत जावी हेही खरं. त्यावर टक्केवारी नको. 'तीन अंकी वजाबाकी हातच्यासह येते, भागाकार चित्राने करतो, रीतीने नाही' अशी पाच-सहा वाक्यं पुरतात.


तिसवाडी

गुणदानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कारण लिहायच्या प्रश्नांवर दोन शिक्षकांचे गुण जुळत नाहीत, आणि मग शाळा असे प्रश्नच काढून टाकतात. उदाहरण बघा: '२४ मीटर जाळी आहे. मिरचीसाठी सर्वांत जास्त क्षेत्रफळाचा आयताकृती वाफा करायचा आहे. बाजू पूर्ण मीटरमध्ये घ्या. उत्तर कसे शोधले ते दाखवा.' आयत सहा होतात: १ × ११ = ११, २ × १० = २०, ३ × ९ = २७, ४ × ८ = ३२, ५ × ७ = ३५, ६ × ६ = ३६. चार गुण असे: परिमिती २४ असलेले निदान तीन आयत शोधले १, क्षेत्रफळं बरोबर १, निष्कर्ष १, 'बाजू जवळ जवळ येतात तसं क्षेत्रफळ वाढतं' अशा अर्थाचं निरीक्षण १.

आता प्रत्यक्ष येणारी उत्तरं. एक मूल ५ × ७ वर थांबतं आणि लिहितं की ६ × ६ चौरस आहे, आयत नाही. चौरस हाही आयतच हे शिकवून झालं असेल तर निष्कर्षाचा १ गुण जाईल, बाकी ३ मिळतील. शिकवलं नसेल तर पूर्ण ४ द्या आणि पुढच्या तासाला तेच शिकवा. दुसरं मूल लांबी + रुंदी = २४ धरून १२ × १२ = १४४ लिहितं. त्याचा तर्क अखंड आहे, पण परिमितीची समजच चुकली आहे. माझ्या मते २ गुण. तिसरं मूल ५.५ × ६.५ = ३५.७५ हेही तपासतं. सूचना 'पूर्ण मीटर' अशी असली तरी त्याचा गुण कापू नका, ते मूल पुढच्या प्रश्नाच्या वाटेवर आहे.

जुळवणी अशी करावी. दहा उत्तरपत्रिकांच्या प्रती काढा, त्यांवर गुण लिहिलेले नकोत. दोघांनी स्वतंत्र तपासावं. ४ गुणांच्या प्रश्नात २ किंवा जास्त फरक आला त्याच उत्तरांवर बोला, आणि ठरलेलं वाक्य गुणदान योजनेत लगेच लिहा. मग बाकी गठ्ठा. विद्यार्थ्याप्रमाणे न तपासता प्रश्नाप्रमाणे तपासा: आधी सगळ्यांचा प्रश्न १८, मग सगळ्यांचा १९. एकाच उत्तरावरची नजर स्थिर राहते आणि आधीच्या पानांवरच्या सुबक अक्षराचा परिणाम पुढच्या प्रश्नावर होत नाही.


त्रिज्या

१२ × १२ वाल्याला २ गुण जास्त होतात. प्रश्न परिमिती-क्षेत्रफळ या धड्यावरचा आहे आणि परिमितीच आली नाही. मी १ देईन.


तिसवाडी

धडा तपासायचा असेल तर तुमचं बरोबर. तक्त्यात हा प्रश्न 'कारणमीमांसा' या रकान्यात असेल तर २. म्हणूनच परीघ सरांनी सांगितलेला तो रकाना परीक्षेआधी भरायला हवा, तपासताना नव्हे.


कंपासपेटी

रचना आणि मोजमापांच्या प्रश्नांसाठी एक तांत्रिक सूचना. 'आकृतीतली रेषा मोजा' असा प्रश्न असेल तर छपाईकडे लक्ष द्या. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की आकृती ९५ टक्के होते आणि ६ सेंमीची रेषा ५.७ भरते. उत्तरसूचीत ६ लिहिलेलं, मुलांनी मात्र बरोबर मोजलेलं. पर्याय १०० टक्क्यांवर ठेवा आणि पानाच्या तळाशी १० सेंमीची एक रेषा छापा. गठ्ठा काढण्याआधी पहिली प्रत पट्टीने तपासा. झेरॉक्सची झेरॉक्स काढू नका. सूट लांबीला १ मिमी आणि कोनाला २ अंश ठेवा, आणि ती गुणदान योजनेत लिहा. कंपासाच्या खुणा पुसल्या असतील तर रचनेचे गुण देता येत नाहीत, म्हणून 'खुणा पुसू नका' हे वाक्य प्रश्नातच असावं.


फोंडा_परीघ

चाचणी झाल्यावर प्रश्नांचं विश्लेषण करा. ४० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांप्रमाणे गठ्ठा लावा. वरच्या २७ टक्के म्हणजे ११ आणि खालच्या ११ उत्तरपत्रिका घ्या. एखादा प्रश्न वरच्यांतल्या ९ जणांनी आणि खालच्यांतल्या ३ जणांनी सोडवला, तर काठिण्य निर्देशांक (दोन्ही गटांत मिळून किती जणांना जमला) १२/२२ म्हणजे सुमारे ०.५५ आणि भेददर्शक निर्देशांक (वरच्या आणि खालच्या गटांत किती फरक दिसतो) (९ − ३)/११ म्हणजे तोही सुमारे ०.५५. उत्तम प्रश्न. वरच्यांतल्या ६ आणि खालच्यांतल्या ७ जणांनी सोडवला, तर दुसरा निर्देशांक ऋण येतो. तिथे मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची बघा, मग प्रश्नाची भाषा. बहुतेक वेळा दोन अर्थ निघत असतात आणि हुशार मुलं दुसऱ्या अर्थाने गेलेली असतात.

वर्गात दहा-बारा मुलं असतील तर हे आकडे काढू नका, काही अर्थ निघत नाही. उत्तरं वाचा, नाहीतर शेजारच्या दोन शाळांनी मिळून तोच कागद घ्या.


बाणस्तारी

सर्वांगीण प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही (मुलांनी एकमेकांचं केलेलं) येतं. 'मला गणित आवडते: होय/नाही' असले रकाने भरून घेण्यात तास घालवू नका. तपासलेली चाचणी परत देताना मुलाने आपल्या तीन चुकांसमोर 'वाचताना', 'रीतीत' किंवा 'हिशोबात' यांतला एक शब्द लिहावा. ते खरं स्वयंमूल्यमापन.

तोंडी परीक्षेचा हिशोब: ४० मुलं, प्रत्येकी ३ मिनिटं म्हणजे १२० मिनिटं, ४० मिनिटांच्या तीन तासिका. एकदम घ्यायला गेलात तर तीन दिवस वर्ग बसून राहतो. आठवड्याला ८ मुलं घेतली तर २४ मिनिटं लागतात आणि पाच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. प्रश्न एकच असावा: 'तू लिहिलेलं हे उत्तर मला समजावून सांग.' घरून करून आणलेल्या प्रकल्पांपेक्षा या ३ मिनिटांतून जास्त कळतं.


खाजनकाठ

शेवटी प्रश्नपेढीबद्दल. प्रत्येक प्रश्नासोबत इयत्ता, धडा, विचारप्रक्रियेचा रकाना, अपेक्षित चुका, दोन्ही निर्देशांक आणि वापरल्याची तारीख ठेवा. 'अपेक्षित चुका' हा रकाना कोरा असलेला प्रश्न पेढीत घेऊ नका. संख्या बदलून आवृत्त्या करताना प्रश्न नकळत सोपा होतो, तेही बघा. मानशीच्या प्रश्नाच्या आवृत्त्या अशा करता येतील: +१२५ आणि −४० (फरक १६५), +१६० आणि −२५ (फरक १८५), +११५ आणि −६५ (फरक १८०). शून्य ५० सेंमी खाली नेल्यावर पहिल्या दोन्हींत खालची पातळी धन होते. तिसरीत ती −१५ राहते, म्हणजे फरक काढताना चिन्ह परत सांभाळावं लागतं. ती आवृत्ती बाकीच्या दोघींपेक्षा अवघड आहे, म्हणून एकाच परीक्षेत शेजारच्या बाकांना वेगवेगळ्या आवृत्त्या द्यायच्या असतील तर फक्त पहिल्या दोनच वापरा. तिसरी पुनर्परीक्षेलाही नको, पुढच्या इयत्तेच्या सुरुवातीच्या चाचणीसाठी ठेवा.